गुंड्याभाऊ गेले त्या दिवशी

२०२५च्या ऑगस्टअखेरीस अभिनेते बाळ कर्वे गेल्याची बातमी आली आणि आमच्या गिरगावातल्या जुन्या शेजाऱ्यांचे एकमेकांना फोन सुरू झाले. ‘कर्वे गेले’ असं कुणीच म्हणत नव्हतं. सगळे म्हणत होते, ‘गुंड्याभाऊ गेला रे.’ पंचाण्णव वर्षांचं आयुष्य, रंगभूमीवरची कितीतरी कामं, पण आमच्यासाठी ते सोटा घेतलेले गुंड्याभाऊच राहिले.

‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ मुंबई दूरदर्शनवर लागायचं ते सत्तरच्या दशकाच्या शेवटी. मराठीतली पहिली मालिका म्हणून तिचं नाव घेतात. चिं. वि. जोशींच्या कथा तेव्हाही चाळीसेक वर्षांच्या जुन्या होत्या, पण विजया जोगळेकर-धुमाळे यांनी त्या पडद्यावर आणल्या आणि दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. आमच्या मजल्यावर टीव्ही एकच होता, कृष्णधवल, सरकत्या दारांच्या लाकडी पेटीतला. तो ज्यांच्याकडे होता त्या काकू आम्हा पोरांना कधी घालवून देत नसत. पुढे जमिनीवर मुलं, मागे बायका, दारात उभे पुरुष. कुकरच्या शिट्ट्या त्याआधीच होऊन गेलेल्या असायच्या.

आमचे बाबा दारात उभे राहत. फोर्टातल्या एका कचेरीत ते कारकून होते. साहेबाचा धाक, महिनाअखेरची ओढाताण, आजीचं पथ्य, आमच्या फिया, हे सगळं ते मुकाट्याने ओढायचे आणि घरी फारसे हसायचे नाहीत. चिमणराव बघताना मात्र ते हसत. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत, मग धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत. मला तेव्हा नवल वाटायचं. आता कळतं की चिमणरावाचं भित्रेपण, बायकोपुढे आणि साहेबापुढे होणारी त्याची तारांबळ, तरीही स्वतःचा मान सांभाळायची धडपड, हे त्यांच्या ओळखीचं होतं. कुणीतरी त्यांचं जगणं पाहिलं होतं, आणि त्याला हिणवलं नव्हतं.

प्रभावळकरांची करामत नेमकी इथेच होती. ते चिमणरावाची टर उडवत नसत. संकट समोर आलं की आधी क्षणभर काहीच करायचे नाहीत. डोळे तेवढे हलायचे. तेवढ्यात आम्हाला कळायचं की आता हा माणूस आणखी खोलात जाणार, आणि वाक्य यायच्या आधीच खोली हसू लागायची. शेजारी कर्व्यांचा गुंड्याभाऊ, अंगापिंडाने भरलेला, आवाजात जरब, अक्कल बेताची आणि माया अपार. एक बिचकणारा, दुसरा बेधडक घुसणारा. या दोघांपैकी एकाला वेगळं काढलं असतं तर दुसरा अर्धाच उरला असता. त्याआधी मास्टर विनायकांच्या चित्रपटांतून दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांनी ही जोडी गाजवली होती. आमच्या आजीला तीच खरी वाटायची, आणि त्यावरून घरात वाद व्हायचे.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. कर्वे मुंबई महानगरपालिकेत अभियंता होते. प्रभावळकर जीवरसायनशास्त्र शिकून औषध कंपनीत नोकरी करत होते. दिवसा ऑफिस आणि उरलेल्या वेळात नाटक, तालीम, चित्रीकरण, असा हा संसार. म्हणून पडद्यावरचा चिमणराव सकाळी आमच्याबरोबर लोकलला लोंबकळत असेल असं आम्हाला वाटायचं, आणि ते तसं खोटंही नव्हतं.

पुढे १९८४ साली दूरदर्शनवर ‘ये जो है जिंदगी’ ही हिंदी विनोदी मालिका आली. मी कॉलेजात होतो. शरद जोशींचं लेखन, कुंदन शाहांचं दिग्दर्शन, शफी इनामदार, स्वरूप संपत, राकेश बेदी. पण आम्ही वाट बघायचो ती सतीश शाहांची, कारण दर भागात ते नवाच माणूस होऊन येत. आज कोण बनणार यावर कट्ट्यावर चर्चा रंगायच्या. शफी इनामदार आपल्या दापोलीकडचे. १९९६च्या मार्चमध्ये, क्रिकेट विश्वचषकाच्या उपांत्य सामन्याच्या दिवशी ते गेले, तेव्हा त्यांनी पन्नाशी नुकतीच ओलांडली होती. सतीश शाह गेले ते कर्व्यांच्या पाठोपाठ, २०२५च्याच ऑक्टोबरमध्ये. दोन महिन्यांत दोन हक्काची माणसं गेली.

मधल्या काळात प्रभावळकर पुन्हा आमच्या घरी आले होते, ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ या मालिकेतले आबा होऊन. टीव्ही आता आमचा स्वतःचा होता, रंगीत होता, आणि बाबा निवृत्त होऊन खुर्चीत बसलेले असत. आबांची दैनंदिनी सुरू झाली की ते माझ्या मुलीला सांगायचे, ‘हे चिमणराव बरं का.’ तिला ते पटायचं नाही. तिच्या लेखी ते आबाच. एकाच नटाने बाबांना कारकुनीच्या दिवसांत हसवलं, म्हातारपणात सोबत केली आणि नातीलाही आपलंसं केलं. सुपरस्टार म्हणवणाऱ्या कितीजणांना हे साधलं आहे? माझ्या दृष्टीने प्रभावळकर त्या सगळ्यांहून मोठे आहेत.

मला सलते ती गोष्ट वेगळी. चिमणरावाचे फारच थोडे भाग आज पाहायला मिळतात. त्या काळी टेप महाग होत्या, एका कार्यक्रमावर दुसरा कार्यक्रम घेतला जाई, जगभर असंच चाले. त्यामुळे ज्या हसण्यावर एक पिढी वाढली ते बहुतेक पुसलं गेलं. बाबा कशाला हसायचे हे मुलीला दाखवायचं म्हटलं तरी माझ्याकडे सांगण्यापलीकडे काही नाही.

कर्वे गेल्यानंतर दोनएक आठवड्यांतच ‘दशावतार’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. एक्क्याऐंशी वर्षांचे प्रभावळकर मोठ्या पडद्यावर उभे होते. मी मुलीला घेऊन गेलो. या वेळी तीच म्हणाली, ‘बाबा, हे तुमचे चिमणराव ना?’

ही माणसं आपल्यात आहेत तोवर त्यांची नाटकं, त्यांचे चित्रपट तिकीट काढून बघा, घरातल्या मुलांना सोबत न्या. आणि तुमच्या माळ्यावर, जुन्या ट्रंकेत, ऐंशी-नव्वदच्या दशकात टीव्हीवरून उतरवून घेतलेल्या व्हिडिओ कॅसेट पडून असतील तर या रविवारीच त्या काढा आणि त्यांची प्रत करून घ्या. दमट हवेत टेप फार काळ टिकत नाही.