रुळांकाठचे तीन गुंठे

वाशी स्थानकावर उतरलो की आजही माझी नजर आधी रुळांकडे जाते. सोबत मुले असली तर म्हणतात, "पप्पा, गाडी गेली, चला आता." त्यांना काय सांगावे? सानपाड्याच्या बाजूला, जिथे आज कुंपण आणि गुडघाभर गवत दिसते, तिथे आमच्या चार घरांची भाजी पिकत होती. तीन गुंठ्यांचा तो तुकडा. सातबाऱ्यावर आमचे नाव कधीच नव्हते. पण आमच्या घराण्यात जमिनीला 'आपली' म्हणण्याचा तो पहिलाच प्रसंग होता.

माझे आजोबा सातारा जिल्ह्यातले. वतनाची कामे करण्यात त्यांचे तरुणपण गेले. वतने नष्ट करणारा कायदा १९५८ साली झाला. पुढे कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, तेव्हा आजोबाही तुरुंगात जाऊन आले. जमीन मात्र मिळाली नाही. वडील मुंबईला आले आणि रेल्वेत गँगमन म्हणून लागले. दिवसभर रूळ सांभाळायचे आणि संध्याकाळी सिडकोच्या लहानशा घरात यायचे. त्या घरात कुंडी ठेवायलाही जागा नव्हती.

खाडीची जमीन

ज्यांनी वाशी फक्त मॉल आणि उंच इमारतींची पाहिली आहे, त्यांना ही जमीन मुळात कशी होती हे सांगायला हवे. येथे आगरी-कोळी समाजाची गावे होती. वाशीगाव आणि जुहूगाव आजही इमारतींच्या गर्दीत उभी आहेत. भातखाचरे, मिठागरे, मासेमारी यांवर लोक जगत. १९७० साली सिडको स्थापन झाली, १९७३ साली खाडीवर पूल झाला आणि मुरूम-मातीचे भराव पडू लागले. भरतीच्या वेळी शहरात पाणी शिरू नये म्हणून धारण तलाव बांधले गेले. १९९२ च्या मे महिन्यात मानखुर्दहून लोकल खाडी ओलांडून वाशीला आली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला होता. मुंबईतला भाजीपाल्याचा घाऊक बाजार १९९६ साली येथे आला आणि रात्रभर ट्रकांची रांग लागू लागली.

बाजार इतका जवळ असताना स्वतः भाजी लावायची गरज काय, असे कोणी विचारील. पण ट्रकभर मेथी दारावरून गेली म्हणून ती आपल्या टोपलीत पडत नाही. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे डाळ आणि सुके बोंबील यांवरच भागत असे.

रेल्वेची 'ग्रो मोअर फूड' नावाची योजना होती. 'अधिक धान्य पिकवा' ही मोहीम आपल्या देशात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली सुरू झाली. त्याच वर्षी बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली. त्याच नावाने रेल्वे आपल्या रिकाम्या जमिनीचे तुकडे खालच्या श्रेणीच्या कर्मचाऱ्यांना परवान्यावर भाजी लावण्यासाठी देत असे. वडिलांना असा तुकडा मिळाला तेव्हा मी नववीत होतो. कागद घेऊन ते घरी आले आणि आईला म्हणाले, "जमीन मिळाली." आईने विचारले, "कायमची?" वडील म्हणाले, "कायमचं काय असतंय? पिकवायला मिळाली."

चार घरे, एक वही

तीन गुंठे एका घराला झेपणारे नव्हते. वडिलांची ड्यूटी, आईची धुण्याभांड्याची कामे, आम्ही तीन भावंडे शाळेत. म्हणून चार घरे एकत्र आली. आमचे एक, मावशीचे दुसरे. मावशीचे यजमान गिरणीत होते आणि १९८२ च्या संपानंतर मिळेल ते काम करीत होते. तिसरे घर वडिलांच्या गँगमधल्या सोबत्याचे, ज्यांना आम्ही काका म्हणत असू. चौथ्या होत्या जुहूगावच्या एक आगरी आजी. त्या आईला मासळी देत असत, तिथून ओळख झाली. त्यांची स्वतःची खाचरे शहरासाठी गेली होती.

खरे सांगायचे तर शेती शिकवली ती या आजींनी. पहिल्या वर्षी आम्ही मे महिन्यातच उत्साहाने भेंडीचे बी टाकले. अर्धे उगवलेच नाही आणि जे उगवले त्याच्या पानांच्या कडा करपल्या. आजींनी माती चिमटीत घेऊन जिभेला लावली आणि हसल्या. माती खारी होती. त्यांनी सांगितले की खारजमिनीत पहिले पाऊस आपल्यासाठी नसतात, ते मीठ धुण्यासाठी असतात. वाफ्याभोवती बांध घालायचा, पाणी साठू द्यायचे आणि मग चर फोडून ते सोडून द्यायचे. दोन-तीनदा असे केल्यावर बी टाकायचे. त्यांच्या वाडवडिलांनी खाडीकाठी भात पिकवले ते याच रीतीने.

त्यानंतर जमीन आमच्याशी बोलू लागली. पावसाळ्यात भेंडी, काकडी, लाल माठ, अळू. लाल माठ महिन्याभरात हाती येतो. भेंडीला पहिला तोडा यायला दीड महिना लागतो, पण मग एक दिवसाआड तोडावीच लागते, नाहीतर जून होते. पाऊस सरला की उंचवट्यावर वाल टोचायचे. जमिनीतल्या ओलीवर आणि दवावर ते येतात. पालक खारटपणा सोसतो, म्हणून तो सखल भागात. रुळाच्या बाजूला उंच वाढणारे काही लावायचे नाही, ही वडिलांची सक्त ताकीद. गाडी दिसली पाहिजे आणि गाडीवाल्याला माणूस दिसला पाहिजे.

हिशेबाची वही माझ्याकडे होती. बियाण्याचा खर्च चौघांत, भाजीचे वाटेही चार. रविवारी सकाळी जुन्या साडीवर भाजी ओतायची, आजी चार ढीग करायच्या, आणि ज्याने ढीग केले त्याने शेवटी उचलायचे. या एका नियमामुळे ढिगांवरून कधीच भांडण झाले नाही. पुढे मी बी.कॉम. केले, पण वाटणीचा पहिला धडा मला त्या साडीवर मिळाला.

एकदा एक भाजीवाला आला. वर्षाला रोख रक्कम देतो, तुकडा मला कसायला द्या, म्हणाला. घरात पैशांची नड होती. वडिलांनी परवान्याचा कागद दाखवला. दुसऱ्याला भाड्याने द्यायची परवानगी त्यात नव्हती. "सोबत राबणं येगळं आन् भाड्यानं देणं येगळं," एवढेच ते बोलले.

पाण्याचे भांडण

हिवाळ्यात पाण्याचा प्रश्न येई. जवळून नाला वाहत होता. त्याचे पाणी काळे आणि वास मारणारे. ते उपसून भाजीला घालणे सर्वांत सोपे होते आणि कित्येकजण तसे करीत. आम्ही ठरवले होते की नाल्याचे पाणी घालायचे नाही. घरच्या नळाचे पाणी सायकलला कॅन अडकवून न्यायचे. एवढ्या पाण्यात तीन गुंठे भिजत नाहीत, म्हणून हिवाळ्यात फक्त अर्धा गुंठा लावायचा. त्यालाही दर खेपेला वीस लिटरचे दहा कॅन लागत. पाळी प्रत्येक घराला सारखी.

मी बारावीत असताना मला कावीळ झाली. परीक्षा दोन महिन्यांवर. डॉक्टर म्हणाले, दूषित पाण्यातून किंवा अन्नातून होते, नेमके कशातून ते सांगता येणार नाही. त्याच सुमारास एका पहाटे आई वाफ्यावर गेली, तर काका नाल्यातून बादल्या भरत होते. पालकाच्या वाफ्यात काळे पाणी उभे होते.

आईने आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी रुळांच्या पलीकडे ऐकू जाईल अशी ती ओरडली. काकांनी बादली टाकली आणि निघून गेले. त्या रविवारी तीनच ढीग झाले. चौथी जागा रिकामी राहिली आणि भाजी निवडताना कोणी बोलत नव्हते.

पंधरा दिवसांनी आई काकांच्या घरी गेली, ती भांडायलाच. परत आली तेव्हा गप्प होती. काकू तीन महिन्यांपासून अंथरुणाला खिळल्या होत्या. काकांनी कोणाला सांगितले नव्हते. पोरे लहान. रात्रपाळी करून यायचे, स्वयंपाक करायचा, काकूंचे सगळे करायचे आणि मग आपल्या पाळीचे कॅन भरायचे. चाळीत नळ तासभर येई. त्यात घरचेच पाणी भरून होत नव्हते. "माझी पाळी चुकली तर माझा वाटा कशाचा?" असे ते आईला म्हणाले.

नाल्याचे पाणी घालणे चूकच होते, त्याबद्दल आजही माझे दुमत नाही. पण आमच्या नियमातही खोट होती. चार घरांवर सारखे ओझे टाकले म्हणजे न्याय झाला, असे आम्ही धरून चाललो होतो. कोणाच्या घरी पाणी भरणारे पाच हात आहेत आणि कोणाच्या घरी दोनच, हे वहीत कुठे लिहिलेलेच नव्हते. वडिलांनी नियम बदलला. ज्याला पाणी आणता येत नाही त्याने खुरपावे, तेही होत नसेल त्याने घरी बसून बी निवडावे, वाल सोलावे. वाटा मात्र चौघांना सारखा. काका पुढच्या रविवारी आले. आजींनी ढीग केले आणि न बोलता पहिला ढीग त्यांच्या पिशवीत ओतला. नाल्याचे पाणी लागलेला पालक तोवर उपटून टाकला होता.

थोडे जगाकडे पाहू

वाचक बंधू-भगिनींनो, असे तुकडे वाटून कसण्याची रीत केवळ आपल्या गरिबीची आहे असे समजू नका. इंग्लंडात १९०८ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर लोकांना भाजीसाठी तुकडे देण्याची जबाबदारी टाकली. तिथला नेहमीचा तुकडा सुमारे अडीचशे चौरस मीटरचा, म्हणजे आपले अडीच गुंठे. जर्मनीत या बागांसाठी १९८३ चा स्वतंत्र कायदा आहे. क्युबात १९९० नंतर सोव्हिएत मदत थांबली, तेव्हा शहरातल्या मोकळ्या जागांत भाजीचे वाफे उभे राहिले.

आणि आपल्या घरचा दाखला तर त्याहून मोठा आहे. बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर लिहिलेला निबंध मी बी.कॉम.ला असताना प्रथम वाचला. जमिनीचा तुकडा परवडणारा आहे की नाही, हे केवळ त्याच्या आकारावरून ठरत नाही. त्यावर किती श्रम आणि किती भांडवल लागते याच्या मेळावर ठरते, असे त्यांनी मांडले. मला लगेच आमचा अर्धा गुंठा आणि दहा कॅन आठवले. पुढे १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग व्हावा, जात-धर्म न पाहता जमीन द्यावी आणि ती सामुदायिक रीतीने कसावी, अशी योजना मांडली. आमचे तीन गुंठे म्हणजे ती योजना नव्हे. पण एका बांधावर गँगमन, गिरणी कामगार आणि जमीन गेलेली आगरी आजी बसून एकाच डब्यातले खात होते, हे मी पाहिले आहे.

गेले ते आणि उरले ते

वडील निवृत्त झाले आणि परवाना संपला. शेवटच्या दिवशी त्यांनी वाफे सपाट केले, खुरपी धुतली आणि मूठभर माती रुमालात बांधली. मी म्हणालो, "दादा, ही खारी माती घेऊन काय करणार?" ते म्हणाले, "आता नाही रं खारी." ती माती आमच्या खिडकीतल्या कुंडीत आहे. आजी आणि वडील आज हयात नाहीत.

तीन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या मागच्या मोकळ्या पट्ट्यात सहा घरांनी मिळून वाफे केले. ज्यांना असे काही करायचे असेल त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी लिहितो. जागा ज्याची असेल त्याची लेखी परवानगी आधी घ्या. माती खारी असेल तर दोन-तीन जोरदार पाऊस जाऊ द्या. पाणी किती आहे ते मोजा आणि तेवढ्याच जागेत लावा. गटार-नाल्याचे पाणी कधीही घालू नका. आणि वहीत प्रत्येक घरापुढे एक जादा रकाना ठेवा. त्या घरी कोण आजारी आहे, कोणाची परीक्षा आहे, कोणाची रात्रपाळी आहे, हे त्यात लिहा. पाळ्या लावण्याआधी तो रकाना वाचा.

गेल्या महिन्यात त्या रकान्यात मी माझ्याच घरापुढे लिहिले : 'आईचे गुडघे दुखतात.' तेव्हापासून आई गॅलरीत बसून वाल सोलते आणि रविवारी खाली येऊन सहा ढीग करते. शेवटचा ढीग ती उचलते.