आकड्यामागचा कागद

कारखान्याचे इतिहासपत्र म्हणजे जुन्या बंदुकीवरील अनुक्रमांक उत्पादकाच्या मूळ नोंदवहीत शोधून, ती बंदूक कोणत्या दिवशी, कोणत्या रूपात आणि कोणत्या व्यापाऱ्याच्या नावे कारखान्याबाहेर पडली हे कळवणारा सशुल्क दाखला. वऱ्हाडातील वाचकाला ही पद्धत परकी वाटण्याचे कारण नाही, कारण त्र्यंबकेश्वरी गेलेला शेगावचा यात्रेकरू आपले आडनाव आणि गाव सांगून तीर्थोपाध्यायाच्या वहीत पणजोबांचे नाव शोधून घेतो आणि त्या शोधाची दक्षिणाही देतो. येथे आडनावाच्या जागी लोखंडात ठोकलेला आकडा असतो, एवढाच फरक.

ही दक्षिणा मात्र लहान नाही. अमेरिकेतील स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरसाठी असा दाखला मागवण्यास शंभर डॉलरच्या आसपास, म्हणजे आठ हजार रुपयांहून अधिक खर्च येतो आणि कोल्टच्या काही जुन्या नमुन्यांसाठी तो याहूनही वाढतो. शिवाय पैसे भरले म्हणजे उत्तर मिळेलच असे नाही, कारण नोंदी सलग राहिलेल्या नाहीत. कोल्टच्या कारखान्याला 1864 मध्ये लागलेल्या आगीत बरेच जुने दप्तर नष्ट झाले, तर वायोमिंग राज्यातील कोडी येथील संग्रहालयात ठेवलेल्या विंचेस्टरच्या नोंदवह्यांत 1894 च्या नमुन्याची माहिती 1907 च्या सुमारास थांबते. तरीही अमेरिकेतील संग्राहक हा खर्च करतात, कारण नामांकित खरेदीदाराचे नाव किंवा दुर्मीळ नळीची नोंद निघाली तर वस्तूची किंमत कित्येक पटींनी वाढते, आणि अमेरिकी कायद्यात 1898 किंवा त्यापूर्वी बनलेली बंदूक पुरातन मानली जात असल्यामुळे नोंदीतील तारखेला कायदेशीर वजनही असते.

या दाखल्याचे मूल्य ठरवताना दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली अशी की दाखला आकड्याविषयी बोलतो, वस्तूविषयी नव्हे. आकडा घासून नवा ठोकता येतो, म्हणून वहीत लिहिलेली नळीची लांबी, तोंडाचा व्यास आणि दस्त्याचे लाकूड हातातील बंदुकीशी जुळवून पाहिल्याखेरीज कागदाला अर्थ येत नाही. दुसरी मर्यादा अशी की कारखान्याची वही पहिल्या ग्राहकापाशी मिटते. उदाहरणार्थ, 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर ब्राउनिंग पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. लंडनहून विनायक दामोदर सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर अशी वीस पिस्तुले मुंबईस पाठवली होती. त्या पिस्तुलांचा जन्म बेल्जियममधील कारखान्याच्या वहीत सापडू शकेल, परंतु लंडनपासून नाशिकपर्यंतचा प्रवास, ज्यामुळे त्यांना इतिहासात स्थान मिळाले, तो तेथे नव्हे तर खटल्याच्या कागदपत्रांत नोंदला गेला आहे.

शेगावच्या परिसरातील जुन्या घरांत सापडणारी बंदूक बहुधा अशी नामांकित नसते. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात रानडुकरे आणि रोही यांपासून पीक राखण्यासाठी ठेवलेली ठासणीची बंदूक, म्हणजे जिच्या तोंडातून दारू आणि छर्रे गजाने ठासून भरतात ती, कधी गावच्या लोहाराने घडवलेली असते, तर कधी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम किंवा बेल्जियममधील लीजसारख्या शहरांतील लहान कारखानदारांकडून दुकानदाराच्या नावे बनून आलेली असते. अशा मालाची नोंदवही सापडण्याची आशा फार थोडी, म्हणून तिच्या बाबतीत इतिहासपत्राचे काम नळीलाच करावे लागते.

नळीवरच्या खुणा वाचण्याची रीत साधी पण चिकाटीची आहे. प्रथम बंदूक भरलेली नाही याची खात्री जाणकाराकडून करून घ्यावी, कारण जुना बार वर्षानुवर्षे नळीत पडून राहिल्याची शक्यता नेहमीच असते. मग दस्ता उतरवून नळीचा खालचा, एरवी लाकडात दडलेला भाग मऊ ब्रशने आणि थोड्या तेलाने पुसावा. पॉलिश पेपर लावू नये, कारण गंजाबरोबर ठसाही निघून जातो. खिडकीतून तिरपा उजेड पाडला आणि खाचांत खडूची पूड भरली की नुसत्या डोळ्यांना न दिसलेली खूण उमटते. मुकुटाखाली एकमेकांना छेद देणारे दोन राजदंड दिसले तर ती नळी बहुधा बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहातून 1813 नंतर गेलेली असते. जास्त दारू भरून नळी फुटत नाही हे पारखल्यावरच ही खूण ठोकत असत. लंबगोलात ई, एल, जी ही तीन अक्षरे असतील तर नळी लीजची समजावी आणि त्या लंबगोलावर मुकुट असेल तर ती 1893 च्या पुढची. शेजारचा 12 किंवा 16 हा आकडा त्या नळीत बसणाऱ्या किती शिशाच्या गोळ्या मिळून एक पौंड भरतात ते सांगतो. एवढ्यातून बंदुकीची जन्मभूमी आणि वयाची एक सीमा, कोणतेही शुल्क न भरता, हाती येते.

उरलेले आयुष्य मात्र घरच्या कागदांतच शोधावे लागते. परवान्याचे जुने पुस्तक, नूतनीकरणाचे शिक्के, निवडणुकीच्या काळात ठाण्यात शस्त्र जमा केल्याची पावती, वारसाने केलेला अर्ज, हे सारे मिळून जी साखळी तयार होते तिची बरोबरी परदेशातून आलेले पत्र करू शकत नाही. भारतात या कागदांचे महत्त्व आणखी एका कारणाने वाढते. 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 45 मध्ये कालबाह्य नमुन्याच्या, पुरातन मूल्याच्या किंवा दुरुस्तीनेही न चालणाऱ्या शस्त्रांना सूट देण्याची तरतूद आहे, परंतु अमुक वर्षापूर्वीची बंदूक पुरातन असा सरळ हिशेब त्यात नाही. आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येत असल्याने ती खासगी रीतीने परदेशी विकता येत नाही. त्यामुळे आठ हजारांचा दाखला येथे बाजारभाव वाढवण्यास फारसा उपयोगी पडत नाही, तसेच तो परवान्याची जागाही घेत नाही. बंदुकीवर उत्पादकाचे स्पष्ट नाव, संपूर्ण अनुक्रमांक आणि त्या उत्पादकाची वही शाबूत असल्याची खात्री, या तिन्ही गोष्टी असतील तरच तो खर्च करावा.

एरवी शेतीचा मालक बदलतो, परवाना रद्द होतो, बंदूक सरकारजमा होते, आणि तिच्याबरोबर ट्रंकेतील कागदही रद्दीत जातात. तेव्हा ज्या घरात अशी बंदूक अजून परवान्यावर आहे, तेथील जाणत्याने ती ठाण्यात जमा करण्यापूर्वी तिच्या खुणांची छायाचित्रे काढावीत, ती कोणी, केव्हा आणि कशासाठी घेतली हे वहीच्या एका पानावर लिहावे आणि ते पान परवान्याच्या पुस्तकात टाचून ठेवावे.