सरळ पाण्याचा आवाज

कयाक सरळ जाऊ लागली की ते डोळ्यांच्या आधी कानांना कळतं. नाळेखाली, म्हणजे पुढच्या टोकाखाली, पाणी दोन्ही अंगांना एकसारखं, बारीक सरसरत राहतं. नाळ जराशी ढळली की त्या सरसरीत खळखळ मिसळते. एका बाजूचं पाणी जाडसर बोलू लागतं, दुसऱ्या बाजूचं गप्प होतं. किती वर्षं झाली, कर्लीच्या खाडीतली ती सरसर माझ्या कानांतून गेलेली नाही.

मालवणजवळचं देवबाग म्हणजे जमिनीची चिंचोळी पट्टी. पश्चिमेला उघडा समुद्र, पूर्वेला कर्लीचं संथ, हिरवट पाणी, आणि मधे माडांच्या सावलीत माणसांची घरं. सकाळी मतलई वारा विरत आलेला असतो, खारा वारा अजून उठायचा असतो, आणि खाडीवर एक सुरकुती नसते. अशा पाण्यात भाड्याची ती आखूड, रुंद कयाक घेऊन निघावं, तर तिने आधी डावीकडे तोंड वळवावं, मग उजवीकडे, मग पुन्हा कांदळवनाच्या मुळांकडे. आखूड कयाकचा तो स्वभावच. लांब, निमुळती समुद्री कयाक आपल्या लांबीच्या आधारानेच रेषा धरून राहते. हिला तो आधार नाही. उजवीकडे मारलेलं प्रत्येक वल्हं हिला डावीकडे ढकलतं, आणि हात जितका लांब फाकावा तितकं अधिक. म्हणून वल्हं उभं धरायचं, होडीच्या अगदी अंगालगत. पावलांपाशी पाण्यात बुडवायचं आणि कमरेशी आलं की उचलायचं. कमरेच्या मागे ते रेंगाळलं की होडी फिरलीच. जोरही दंडांचा नव्हे, पाठीच्या पिळाचा.

हे सगळं हातांना ठाऊक होतं, तरी एका सकाळी ती सरसर काही केल्या टिकत नव्हती. काठावर जाळं सांधत बसलेले एक आजोबा बराच वेळ पाहत होते. शेवटी तिथूनच म्हणाले, “वल्ह्याकडे कित्याक बघतंस गो? थय बघ, त्या माडाक!”

मी माडाकडे पाहिलं. खाडीच्या वळणावर पाण्यावर झुकलेला तो एकटा माड. हळूहळू हात शांत झाले, पात्यांवरून ओघळणाऱ्या थेंबांना लय आली, आणि नाळेखाली पाणी न अडखळता, न थांबता सरसरत राहिलं. त्या आवाजात मला अचानक आई भेटली.

आई पॉपलीन कापायची तेव्हा असाच आवाज यायचा. खडूची रेघ ओढून झाली की ती कात्री थोडीशी उघडी धरायची, आणि मग ती कात्री मिटायची नाही, उघडायची नाही, कापडातून नुसती सरकत जायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दुपारची वेळ, शहाबादी फरशीवर पसरलेलं कापड, गुडघ्याखाली दाबून धरलेली त्याची कड, कपाळावर उतरलेली बट. तिची नजर पात्यांवर कधीच नसायची. रेघ जिथे संपणार तिथे ती आधीच पोचलेली असायची. मी शेजारी श्वास धरून बसायचे. कात्री मधेच अडली तर आई रागवायची नाही, ओढाताण करायची नाही. तळव्याने कापड एकसारखं करायची आणि पुन्हा पुढे. आई गं! तुझ्या त्या हातांना खाडीचं पाणी एकदा दाखवायचं होतं.

दुपार झाली की खारा वारा माडांमधून खाडीवर उतरतो. पट्टीच्या कडेकडेने जावं तर तो एका अंगाने येतो, आणि नाळ हट्टाने त्याच्याकडेच वळू पाहते. चालत्या कयाकची नाळ समोरच्या पाण्यात रुतल्यासारखी असते, मागचं पाणी मात्र ढवळून सैल झालेलं. वारा त्या सैल बाजूलाच ढकलतो. मोठ्या कयाकला मागच्या बाजूस स्केग असतो, एक लहानसं पातं. ते खाली सोडलं की मागची बाजूही पाण्याला धरून राहते. आमच्या कयाकला स्केग नाही. मग वाऱ्याच्या अंगाला थोडं कलून बसायचं, त्या बाजूचं वल्हं जरा लांबवर फिरवायचं.

अशा वेळी मला ऑस्कर स्पेक आठवतो. १९३२मध्ये जर्मनीतल्या उल्म गावाहून डॅन्यूब नदीत घडीची कयाक सोडून निघालेला हा माणूस १९३९मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचला. मधे आपल्या पश्चिम किनाऱ्याने तो सिलोनला गेला. म्हणजे याच मालवणच्या समुद्रावरून, डाव्या हाताला हेच माड ठेवून! त्या माडांपैकी एखादा त्याने दिवसभरासाठी नजरेत धरला असेल का, हे जाणून घ्यायची मला फार ओढ आहे.

ओहोटीला, खाडी समुद्राला मिळते त्या संगमाच्या आत, पलीकडे भोगव्याच्या बाजूला जायचं असेल, तर नाळ समोरच्या काठाकडे ठेवून चालत नाही. पाणी तुम्हाला समुद्राकडे ओढत नेतं. नाळ वरच्या अंगाला, प्रवाहाकडे तिरकी धरायची. कयाक पाहते एकीकडे, सरकते दुसरीकडे, आणि जाते मात्र सरळ. हे पहिल्यांदा अंगाला कळलं तेव्हा पाण्याच्या मधोमध मला इतका आनंद झाला, की मागे वळून त्या आजोबांना मोठ्याने हाक मारली. वाऱ्यात ती त्यांना ऐकू गेली नाही. तरी त्यांनी हात वर केला.