फाटक उघडल्यावर

तळा, जि. रायगड

चि. बाळास,


सायनच्या व्यवसाय प्रशिक्षणाला तू नाही म्हणालास, असं ताई फोनवर रडत सांगत होती. शिकायला गेलो तर ईएसआयचे (कामगार राज्य विम्याचे) पैसे बंद होतील, आणि चूक माझीच असताना हक्क कसला सांगू, असं म्हणालास म्हणे.

चुकीचं आधी बोलू. त्या दिवशी मी तुझ्या मागेच होतो. तू रेल्वे फाटकाच्या दांडीखालून घुसला नव्हतास. रेल्वेगाडी जाईपर्यंत बाईकचं इंजिन बंद करून थांबला होतास. फाटक उघडलं आणि दोन्हीकडच्या गाड्या रस्ताभर पसरून एकमेकांसमोर आल्या. तुला कडेला सरकावं लागलं. तिथे रूळ रस्त्याला तिरपे आहेत. पावसात ओल्या रुळावर पुढचं चाक काटकोनात गेलं नाही तर सटकतंच. तुझं सटकलं, आणि मागचा टेम्पो पावलावरून गेला. यात तुझा काय गुन्हा?

घरून कामावर जाताना वाटेत झालेला अपघात ईएसआयमध्ये कामावरचाच धरतात. म्हणून तर इतके महिने पगाराच्या 90 टक्के मिळाले. आता वैद्यकीय मंडळ जितकं कायमचं अपंगत्व ठरवील, त्याचे पैसे जन्मभर मिळतील. उद्या नोकरी लागली तरी ते थांबत नाहीत. ते गेलेल्या पावलापोटी आहेत, रिकामं बसल्याबद्दल कुणी देत नाही. उलट अपंगत्व 40 टक्के किंवा जास्त आणि वय 45 च्या आत असेल, तर प्रशिक्षण चालू असेपर्यंत फी किंवा रोजचा भत्ता, जे जास्त असेल ते, ईएसआयच देतं. तू तर 26 वर्षांचा आहेस. कृत्रिम पायाचं माप हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत देऊ. ती 1955 पासून हेच काम करते आहे.

धाकटा भाऊ आता त्याच वाटेने जातो, त्याला हे वाचून दाखव. एक गाडी गेली की पोरं बाईक तिरपी करून दांडीखालून घालतात. 2021 पासून रोहा ते वीर मार्ग दुहेरी झाला आहे. पहिलीच्या खडखडाटात समोरून येणाऱ्या दुसरीचा भोंगा ऐकू येत नाही. फाटक लवकर उघड म्हणून गेटमनवर ओरडून तरी काय होणार? जिथे फाटक सिग्नलला जोडलेलं आहे, तिथे ते बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही. जुलै 2025 मध्ये तमिळनाडूत कडलूरजवळ शाळेच्या व्हॅनला गाडीने उडवलं, ते फाटक असं जोडलेलं नव्हतं. तीन मुलं गेली. आपल्याला पाच मिनिटं थांबणं जड का व्हावं?

सोमवारी तळ्याहून पहिल्या एसटीने माणगावला येतो. ई-पेहचान कार्ड, अपघाताचा दाखला आणि डॉक्टरांचे सगळे कागद एका पिशवीत घालून तयार राहा. आपण दोघं मुंबईला जाऊ.

तुझा,
मामा