बिल्ल्याच्या कडेवरचं नाव

१२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसजवळच्या अमेरिकी लष्करी दप्तरखान्याला आग लागली आणि एक कोटी साठ लाखांहून अधिक फायली खाक झाल्या. १९१२ ते १९६० या काळात भूदलातून बाहेर पडलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के सैनिकांची कागदपत्रं त्यात गेली. दुसरी प्रत कुठेच नव्हती. तरीही तिथली माणसं करपलेली पानं आजही जपून उलगडतात, पगाराच्या जुन्या पावत्या धुंडाळतात आणि सैनिकाची नोकरी पुन्हा जुळवून देतात. आमच्या शेजारणीला तिचे आजोबा असेच शेवटच्या पगाराच्या पावतीवर सापडले. तिच्या आनंदात मी मनापासून सामील झालो, आणि त्याच दिवशी आमच्या घरातला माणूस शोधायचं ठरवलं.

माझ्या पणजोबांचा धाकटा भाऊ पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेला. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळातल्या कूतच्या वेढ्यात, जिथे उपाशी फौजेवर घोडी मारून खायची पाळी आली, तिथे तो कामी आला. घरी एवढंच सांगत, ‘बसऱ्याला गेला, तो गेलाच.’

मेसोपोटेमियात पडलेल्यांसाठी उभारलेल्या बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. गोऱ्या शिपायाचं नाव तिथे कोरलं गेलं. हिंदी शिपाई मात्र पलटणीगणिक नुसता आकड्यात मोजला गेला. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याने त्या महायुद्धात ४६ माणसं गमावली. गावोगावच्या स्मारकशिळाही किती गेले आणि किती पडले, एवढंच सांगतात.

सेंट लुईसची नावं आगीत गेली. बसऱ्याची नावं गाळायचं कुणीतरी ठरवलं होतं. २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने या भेदभावाची कबुली देऊन माफी मागितली. पण माफीने नाव परत येत नाही. ते शोधावं लागतं.

आमचं नाव गावच्या घरी, ट्रंकेतल्या रुप्याच्या बिल्ल्यावर मिळालं. त्या युद्धपदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली असे. म्हणजे सरकारला त्याचं नाव ठाऊक होतं. दगडावर मात्र त्याला जागा दिली नाही. साताऱ्या-रत्नागिरीतल्या कितीतरी घरांत असे बिल्ले असतील. ते सोनाराकडे मोडीत जाण्याआधी त्यांची कड वाचा आणि ते नाव घरातल्या पोरांना पाठ करायला लावा. ज्याने जीव दिला, त्याची गणती नावानिशीच व्हायला हवी.