ठमीची किंमत

विमा हा विषय मराठी माणसाच्या घरात चहाच्या वेळी येतो आणि जेवणाची पानं मांडेपर्यंत हलत नाही. कारण तो घेऊन येणारा एजंट हटकून आपला दूरचा नातेवाईक असतो, निदान शाळासोबती तरी. आमच्या कपाटात विम्याचे जे कागद जमले आहेत, ते आमच्या दूरदृष्टीपेक्षा आमच्या भिडस्तपणाचेच पुरावे आहेत. आयुष्याचा विमा आहे, आजारपणाचा आहे, कायद्यानं सक्ती आहे म्हणून स्कूटरचाही आहे. आणि या सर्वांच्या खाली एका प्लॅस्टिकच्या पिशवीत जो कागद आहे, तो आमच्या ठमीचा. ठमी ही आमची कुत्री.

हा कागद ज्याच्या ज्याच्या नजरेला पडला, तो आधी पोटभर हसला आणि मग आवाज खाली आणून विचारता झाला, “पण काय हो, परवडतं का हे?” या प्रश्नाचं उत्तर जिन्यात उभ्या उभ्या देता येत नाही असा माझा अनुभव आहे. म्हणून आज बसून देतो आहे.

ठमी आमच्या मुलुंडच्या इमारतीत जिन्याखाली जन्मली. तिच्या आईला सगळा वाडा ओळखत होता, वडिलांविषयी कोणालाच काही सांगता येत नव्हतं. धाकट्या मुलीनं तिला वर आणलं, चार दिवस ठेवतो म्हणून ठेवलं, आणि ती राहिली. ती चार वर्षांची झाल्यावर सौभाग्यवतींच्या मामेभावाचा मुलगा विम्याचा अर्ज घेऊन आला. त्याचा पहिला प्रश्न नावाचा, दुसरा वयाचा, तिसरा जातीचा. इथवर ठीक चाललं होतं. चौथा प्रश्न होता, बाजारभावानं कुत्रीची किंमत किती?

“किंमत?” सौभाग्यवतींनी चहाचा कप खाली ठेवला. “घरातल्या माणसाची किंमत लिहितात का रे कुठं?”

“आत्या, काहीतरी आकडा लिहावाच लागतो,” तो बिचारा म्हणाला. “शून्य लिहिलं तर कॉम्प्युटर अर्जच पुढं सरकू देत नाही.”

मला त्या मुलाची दया आली, पण प्रश्न मात्र खरा होता. कायद्याच्या नजरेत कुत्रं ही मालमत्ता आहे, आणि विम्याचं मूळ तत्त्व असं की, जेवढं नुकसान तेवढीच भरपाई. म्हणजे कुत्रं मेलं तर कंपनी देणार त्याची किंमत. ज्यानं हजारो रुपये मोजून जर्मन शेफर्ड आणला त्याच्याकडं पावती असते. आमच्या ठमीची पावती कुठून आणायची?

हे सारं सौभाग्यवतींच्या थोरल्या बंधूंना फोनवर सांगितलं तेव्हा ते मनापासून हसले. ते वाळवा तालुक्यात शेती करतात, गोठ्यात चार म्हशी आहेत आणि चारींचा विमा आहे. गुराढोरांचा विमा आपल्याकडं काही आजचा नाही. खेड्यापाड्यांतून तो कित्येक वर्षं रुळलेला आहे. जनावराच्या कानात बिल्ला ठोकतात आणि पुढं काही झालं की पहिला प्रश्न बिल्ल्याचा. बिल्ला नाही तर भरपाई नाही, हे गोठ्यातलं पोरसुद्धा सांगेल. बंधूंचं म्हणणं असं की, म्हैस गेली की दूध थांबतं, पण सोसायटीचा हप्ता काही थांबत नाही. म्हणून म्हशीचा विमा. “दाजी,” ते म्हणाले, “तुमची कुत्री दूध किती देती?”

हा प्रश्न थट्टेचा होता तरी त्यानंच माझ्या डोक्यातला गुंता सोडवला. म्हैस जाण्यानं जे नुकसान होतं ते उत्पन्नाचं. ठमी गेल्यानं आमचं एक पैशाचं उत्पन्न बुडणार नाही. तेव्हा तिच्या मरणाचा विमा उतरवण्यात काही हशील नाही. खर्च येणार तो तिला जगवण्याचा, आणि विमा हवा तर तेवढ्यापुरताच. मी भाच्याला सांगितलं की, मृत्यूचं कलम वगळता येत असेल तर वगळ, नाहीतर कमीत कमी रकमेचं ठेव, आणि उपचाराचं तेवढं चांगलं घे. चोरीचं कलम त्यानं आपण होऊनच सोडून दिलं. ठमीला चोरून नेणारा चोर दुसऱ्या दिवशी तिला स्वखर्चानं परत आणून सोडील, याविषयी आमच्या इमारतीत दुमत नाही.

एक कलम मात्र मी आवर्जून ठेवलं, ते म्हणजे आपल्या कुत्र्यानं दुसऱ्याला इजा केली तर द्यावी लागणारी भरपाई. लोक याचा विचार करीत नाहीत. पाळलेल्या जनावराबाबत हयगय केली आणि त्यातून माणसाला धोका झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ही शिक्षा विमा कंपनी आपल्यासाठी भोगणार नाही हे उघड आहे. पण पेपरवाल्या पोराच्या पिंढरीचा दवाखान्याचा खर्च आणि त्याची बुडालेली रोजी यांची सोय असलेली बरी.

कुत्र्याचा विमा ही काही आपल्याकडच्या उच्चभ्रूंच्या डोक्यातून निघालेली कल्पना नव्हे, हेही जाता जाता सांगतो. स्वीडनमध्ये १९२४ साली कुत्र्याचा पहिला विमा उतरवला गेला असं सांगतात, आणि आज तिथली बहुतेक कुत्री विमाधारक आहेत. अमेरिकेत १९८२ साली अशी योजना निघाली तेव्हा पहिला मान टेलिव्हिजनवरच्या लॅसी या कुत्रीला मिळाला. आपल्याकडं सरकारी कंपन्यांच्या कपाटात कुत्र्यांचा विमा पूर्वीपासून होता, पण त्याची चौकशी करायला फारसं कोणी जात नसे. २०२० नंतर खाजगी कंपन्या या धंद्यात उतरल्या आणि मग आमच्या भाच्यासारखी मुलं घरोघर दिसू लागली.

तर वर्षाला ३,८०० रुपये हप्ता, उपचारासाठी ५०,००० रुपयांची मर्यादा, असा ठमीचा विमा उतरला. तिचे समोरून, दोन्ही बाजूंनी आणि नाकाचा अगदी जवळून, असे फोटो काढावे लागले. कुत्र्याच्या नाकावरच्या रेघा आपल्या अंगठ्याच्या ठशासारख्या ज्याच्या त्याच्या वेगळ्या असतात, हे मला त्या दिवशी कळलं. ठमीनं नाकाच्या फोटोसाठी पाऊण तास घेतला आणि फोन चाटून पुसून स्वच्छ केला.

कागद हाती आल्यावर मी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. ज्यांना हा विमा घ्यायचा आहे त्यांनी जाहिरातीकडं न पाहता हेच करावं. दरवर्षीच्या लसी, जंताचं औषध, केस कापणं, दातांची सफाई, बाळंतपण, यांतलं बहुधा काहीच मिळत नाही. आधीपासून असलेला आजार चालत नाही. विमा उतरवल्यावर पहिले काही दिवस, काही रोगांसाठी तर काही आठवडे, कंपनी हात वर करते. आणि ज्या रोगावर लस आहे, पार्व्होसारख्या किंवा डिस्टेंपरसारख्या, तो लस न टोचता झाला तर खर्च तुमचा तुम्ही सोसायचा. ही शेवटची अट मला रास्त वाटली. बाकीच्या अटी वाचताना मात्र, ज्या अर्थी एवढं वगळलं आहे त्या अर्थी उरलं तरी काय, असा प्रश्न मनात आला होता.

काय उरलं होतं ते चौदाव्या महिन्यात कळलं. दिवस मे अखेरचे होते. शेजारच्या बिऱ्हाडी आमरसाचा बेत झाला होता आणि सालींची बादली जिन्यात होती. ठमीनं त्यातली एक कोय अख्खी गिळली. हे कोणी पाहिलं नाही, दुसऱ्या दिवशीच्या एक्स-रेनंतर कळलं. रात्रभर तिला उलट्या होत होत्या. पहाटे ती भिंतीकडं तोंड करून बसली आणि हाक मारली तरी शेपूट हलेना.

मुंबईत जनावरांसाठी परळला जुनं नामांकित रुग्णालय आहे. सर दिनशा पेटिट यांनी आपल्या पत्नीच्या, बाई साकरबाईंच्या, नावे १८८० च्या दशकात उभं केलेलं. त्याला सारी मुंबई ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणूनच ओळखते. तिथं गोरगरिबांच्या जनावरांना माफक पैशांत उपचार मिळतात. पण मुलुंडहून परळ त्या अवस्थेत गाठणं अवघड होतं. आम्ही जवळच्याच एका खाजगी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, सोनोग्राफी केली, आणि आतडं उघडावं लागेल असं सांगितलं. खर्च चाळीस हजारांच्या आसपास. “करायचं का?” त्यांनी विचारलं.

सौभाग्यवती “करा” म्हणाल्या तेव्हा डॉक्टरांचं वाक्य पुरं व्हायचं होतं. माझं मात्र तसं नव्हतं. जूनमध्ये मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती आणि तो आकडा माझ्या डोळ्यांसमोर या आकड्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. मग कपाटातली ती प्लॅस्टिकची पिशवी आठवली. मीही “करा” म्हणालो. पिशवी आठवली नसती तरी मी तेच म्हणालो असतो असं मला वाटतं, पण किती वेळानं म्हणालो असतो हे सांगता येत नाही.

ऑपरेशन चालू असताना बाहेरच्या बाकावर एक गृहस्थ आणि त्यांचा मुलगा बसले होते. त्यांचा लॅब्रॅडॉर अकरा वर्षांचा होता आणि त्याच्या पोटात गाठ निघाली होती. डॉक्टरांनी त्यांनाही एक आकडा सांगितला होता, आमच्यापेक्षा मोठा. गृहस्थ फोन घेऊन जिन्यात गेले, दोघांतिघांशी बोलले, आणि परत येऊन त्यांनी विचारलं, “दुसरा काही इलाज नाही का?” डॉक्टर काही बोलले नाहीत. मुलगा कुत्र्याच्या कानामागं खाजवत राहिला. दुखणं कमी करायच्या गोळ्या घेऊन ते त्याला घरी घेऊन गेले. जाताना कुत्र्याला पायऱ्या उतरवेनात म्हणून त्या गृहस्थांनी त्याला दोन्ही हातांवर उचललं. तीस-पस्तीस किलोचं ते जनावर आणि माणूस साठीचा. मुलाला त्यांनी हात लावू दिला नाही.

ठमी चार दिवसांनी घरी आली. बिल झालं ४३,५०० रुपयांचं. आता विम्याची गोष्ट. डॉक्टरांचं पत्र, त्यांचा नोंदणी क्रमांक, लसींचं पुस्तक, एक्स-रे, औषधांची एकेक पावती, असं सगळं मोबाइलवरून कंपनीला पाठवलं. आठ दिवसांनी तेच पुन्हा मागवलं. मग एका पावतीवर कुत्रीचं नाव ‘ठमी’ऐवजी ‘टमी’ पडलं होतं, त्याचा खुलासा मागवला. कंपनीचं नाव मी इथं देत नाही, कारण हा खुलासा लिहिताना मला जी मजा आली तिची किंमत मी वसूल करू इच्छीत नाही. सात आठवड्यांनी पैसे आले. वीस टक्के, म्हणजे ८,७०० रुपये, अटीप्रमाणे आमच्या वाट्याचे. रात्रीची जादा फी, घरी आल्यानंतरची औषधं आणि पथ्याचं खाणं मिळून ७,३०० रुपये नामंजूर. हाती पडले २७,५००. तोवर आम्ही दोन हप्ते, म्हणजे ७,६०० रुपये भरले होते.

आमच्या खालच्या मजल्यावरचे जोशीकाका बँकेतून निवृत्त झाले आहेत आणि विम्यावर त्यांचा राग आहे. त्यांचं म्हणणं, दरमहा पाचशे रुपये रिकरिंगमध्ये टाका, पाच वर्षांत तीस हजार आणि वर व्याज, कुत्रं धडधाकट राहिलं तर पैसे आपलेच. हिशेब चोख आहे. मी त्यांना एवढंच दाखवून दिलं की, चौदाव्या महिन्यात त्यांच्या रिकरिंगमध्ये सात हजार असते. “हां, पण कोय काय सगळीच कुत्री गिळत नाहीत,” काका म्हणाले, आणि तेही खरं आहे. पाचदहा वर्षं हप्ता भरून एक रुपयाही परत न मिळालेले श्वानमालक पुष्कळ असणार. त्यांचं नशीब चांगलं म्हणायचं.

पण काकांच्या बाजूनं एक मोठा मुद्दा आहे आणि तो त्यांना सुचला नव्हता, मला भाच्याकडून कळला. अनेक योजनांत कुत्रं सातआठ वर्षांचं झालं की नवा विमा मिळत नाही. मोठ्या जातीच्या कुत्र्यांना तर त्याही आधी नकार येतो. आणि सांधे धरतात, मूत्रपिंडं थकतात, गाठी होतात, ते त्यानंतरच. त्या अकरा वर्षांच्या लॅब्रॅडॉरचा विमा त्या दिवशी कोणीच उतरवला नसता. म्हणून माझं मत असं बनलं आहे की, कुत्रं लहान असताना विमा जरूर घ्यावा, फक्त उपचारांचा घ्यावा, आणि त्याच महिन्यापासून काकांचं रिकरिंगही सुरू करावं, कारण विमा तरुणपणी उपयोगी पडतो आणि म्हातारपणी आपलीच पुंजी. ज्याला एकच परवडत असेल आणि ज्याचं कुत्रं सहा वर्षांच्या पुढं गेलं असेल, त्यानं काकांचं ऐकावं. ज्याच्या घरी पिल्लू आहे त्यानं भाच्याचं.

ठमी आता सात वर्षांची आहे. खंड न पाडता हप्ता भरत राहिलं तर आणखी काही वर्षं विमा चालू राहील असं भाचा म्हणतो. रिकरिंगचं पुस्तक जोशीकाकांनीच काढून आणलं आणि दर महिन्याला ते स्वतः विचारतात, “ठमीचे भरले का?” सौभाग्यवतींनी त्या पुस्तकावर पेन्सिलीनं ठमीचं नाव घातलं आहे, पूर्ण, आमच्या आडनावासकट. आणि आंब्याच्या दिवसांत सालींची बादली शेजारच्या वहिनी हल्ली आत स्वयंपाकघरातच ठेवतात.