पुनश्च बिगरीच्या वर्गांत

स्वतःस न येणारी गोष्ट चारचौघांत कबूल करणें मास्तराला किती जड जातें, हें मास्तरावांचून इतरांस समजावयाचें नाहीं. मॅट्रिक झाल्यावर मीं संस्कृताचें अध्ययन केलें आणि पुढें तीस वर्षें मुलांकडून रामशब्द चालवून घेतला. अशा माणसावर उतारवयांत पुनश्च बिगरींत बसण्याची पाळी आली, त्याची ही हकीकत.

आमचें भाईंदर एके काळीं मिठागरांचें गांव. २००२ सालीं मिरा-भाईंदरची महानगरपालिका झाली, इमारतींमागून इमारती उठल्या. मुलगे-सुना सकाळच्या लोकलनें मुंबईस जातात. दिवसभर घरीं उरतात तीं म्हातारीं माणसें आणि त्यांच्या हातीं दिलेला मोबाईल.

गतवर्षीं एका सायंकाळीं फोन आला कीं, विजेचें बिल थकलें असून रात्रीं पुरवठा तोडण्यांत येईल. मी घाबरलों आणि मोबाईलवर आलेले सहा आंकडे त्या गृहस्थास वाचून दाखविले. चौदा हजार रुपये गेले. पैशांपेक्षां लाज मोठी होती. जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांखालीं तांबडी रेघ ओढणाऱ्या मीं स्वतःची चूक घरांत कोणासहि सांगितली नाहीं.

वास्तविक घरांत शिकविणारे पुष्कळ. परंतु नातवाला कांहीं विचारावें, तों "आबा, द्या इकडे" म्हणून तो मोबाईल ओढून घेई आणि क्षणार्धांत परत करी. काम होई, विद्या होत नसे.

यंदा शेजारच्या इमारतींतील कांहीं महाविद्यालयीन मुलामुलींनीं वृद्धांसाठीं रविवारचा वर्ग काढला. मी जावयास कचरत होतों. तेव्हां सौ.नें फांगण्याची आठवण करून दिली. मुरबाड तालुक्यांतील त्या खेड्यांत ८ मार्च २०१६ रोजीं आजीबाईंची शाळा सुरू झाली, आणि साठी उलटलेल्या बायका गुलाबी लुगडीं नेसून पाटी-पुस्तक घेऊन बसल्या. मीं मुकाट्यानें चपला घातल्या.

मला शिकविणारी मुलगी नातीच्या वयाची. तिनें आरंभींच आपले दोन्ही हात पाठीमागें धरले आणि म्हणाली, "सर, बोटें तुमचींच चाललीं पाहिजेत." मी चार वेळां चुकलों, तरी तिचे हात पुढें आले नाहींत. पिन घालण्याची वेळ आली तेव्हां तिनें तोंड फिरविलें. "हा मलाहि दिसतां कामा नये. आणि लक्षांत ठेवा, पिन पैसे देतांना लागतो. घेतांना कधींच लागत नाहीं." तीस वर्षें शिकवूनहि इतका संयम मला साधला नव्हता.

तिसऱ्या रविवारीं एका वृद्ध बाईंनीं उभें राहून सांगितलें कीं, पोलिसाचा वेष केलेल्या भामट्यानें मोबाईलवर 'डिजिटल अटके'ची भीति घालून त्यांना दोन दिवस घरांत खिळवून ठेवलें होतें. असली अटक आपल्या कायद्यांत मुळींच नाहीं, असें त्या मुलीनें समजाविलें. बाईंचें धैर्य पाहून मीहि उठलों आणि सर्व सांगून टाकलें. कोणी हंसलें नाहीं. मुलगी एवढेंच म्हणाली, "त्याच घटकेला १९३० या दूरध्वनि-क्रमांकावर कळवावयाचें. लौकर कळलें तर पैसे वाटेंत अडवितां येण्याचा संभव असतो." तेव्हां मला उमगलें कीं, माझी लाज हीच त्या भामट्याची साथीदार होती.

रात्रीं चिरंजीवांस सांगितलें. "बाबा, तेव्हांच कां नाहीं बोललांत?"

"तुम्हीं मोबाईल माझ्या हातून काढून घेतला असतां, म्हणून," मी म्हणालों. तो निरुत्तर झाला.

२०२२ सालीं सुरू झालेल्या 'उल्लास' या केंद्रीय साक्षरता कार्यक्रमांतहि अक्षरओळखीसमवेत डिजिटल साक्षरता आहे, आणि शिकविण्याचा भार स्वयंसेवकांवर आहे. पण वाचकहो, प्रत्येक घरांत असा एक स्वयंसेवक असावयास काय हरकत आहे? वडीलधाऱ्यांचें काम उरकून देणें ही सेवा खरी. परंतु त्यांच्या चुका होऊं देऊन शेजारीं स्वस्थ बसणें, ही तिच्याहून मोठी सेवा होय.

गेल्या नोव्हेंबरांत मीं हयातीचा दाखला मोबाईलवरून स्वतः पाठविला. दोनदां चुकलों. नातू शेजारींच बसला होता, हात मागें धरून.